दुसऱ्या देशाची सेवा कशी अभ्यासावी?



आपल्या मंडळ्यांतून समाजकार्याचे शिक्षण घेणारे तरुण-तरुणी आता ठिकठिकाणी आढळतात. कोणी मुंबईस जातो, कोणी दिल्लीस वा बंगळूरला. एखाद्याला परदेशी विद्यापीठात प्रवेश मिळतो, आणि त्या रविवारी उपासना संपल्यावर सर्वजण त्याचे अभिनंदन करतात. निघताना त्याला हवामान, खर्च, जेवणखाण यांविषयी भरपूर सल्ला मिळतो. परंतु परक्या देशाने आपल्या दुःखितांसाठी उभारलेले काम पाहावे कसे, त्यातले काय घ्यावे आणि काय तेथेच ठेवून यावे, हे त्याला सहसा कोणी सांगत नाही. या लेखात आपल्याला तेवढाच प्रश्न अभ्यासावयाचा आहे. आरंभ मात्र घरापासूनच करू. एक विद्यार्थिनी येथून तिकडे गेली आणि एक शिक्षक तिकडून येथे आला. प्रथम विद्यार्थिनीकडे वळू.

पंडिता रमाबाई इ. स. १८८३ मध्ये लहानग्या मनोरमेस घेऊन इंग्लंडला गेल्या, त्या समाजकार्य शिकण्यासाठी नव्हे. त्यांचा बेत वैद्यकी शिकण्याचा होता. कमी ऐकू येत असल्यामुळे तो सोडावा लागला. वाँटेज येथील भगिनीसंघाच्या आश्रयास असताना त्यांना लंडनमधील फुलहॅमचे एक सेवागृह पाहावयास मिळाले. समाजाने पतित ठरवून टाकून दिलेल्या स्त्रियांना तेथे आसरा देऊन पुन्हा उभे केले जात असे. असे काम रमाबाईंनी पूर्वी कोठे पाहिले नव्हते. आपण तेथे असतो तर किती खोल्या, किती खर्च, नियमावली कोणती, हेच बहुधा टिपून घेतले असते. रमाबाईंनी वेगळाच प्रश्न केला : अशा स्त्रियांची काळजी घ्यावी असे या लोकांना वाटते तरी कशामुळे? उत्तरादाखल एका भगिनीने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखविली. पुढे १९०७ साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत रमाबाईंनी हा प्रसंग आवर्जून नोंदविला आहे.

अभ्यासकाने येथे थोडे थांबावे. कोणतीही सेवापद्धती आकाशातून पडत नाही. तिच्यामागे एखाद्या समाजाची माणसाविषयीची कल्पना असते, एखादी श्रद्धा असते, पुष्कळदा एखादी भीतीही असते. ती न ओळखता केवळ पद्धत उचलणे म्हणजे विहीर सोडून रहाट घरी आणण्यासारखे आहे.

१८८६ साली आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई फिलाडेल्फियास गेल्या आणि अडीच वर्षांहून अधिक काळ अमेरिकेत राहिल्या. तेथे त्यांनी बालोद्यान शिक्षणाची पद्धती शिकून घेतली, असंख्य व्याख्याने दिली आणि डोळे उघडे ठेवून तो देश पाहिला. १८८९ मध्ये मुंबईस प्रसिद्ध झालेले त्यांचे ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ हे पुस्तक आजही समाजकार्याच्या विद्यार्थ्याला हाती द्यावे असे आहे. राज्यव्यवस्था, गृहस्थिती, विद्या, धर्मपंथ व धर्मादाय संस्था, स्त्रियांची स्थिती अशी प्रकरणे त्यांनी मराठी वाचकासाठी रचली. स्त्रियांनी मंडळे काढावीत, वर्गणी गोळा करावी, हिशेब मांडावा, मोठी सार्वजनिक कामे तडीस न्यावीत, याचे त्यांनी मनापासून कौतुक केले. पण त्याच देशातील मूळ रहिवाशांवर आणि कृष्णवर्णीयांवर झालेला अन्यायही त्यांच्या नजरेतून सुटला नाही. ज्या देशातून मदत मिळवावयाची आहे त्याचे दोषही पाहण्याचे धैर्य रमाबाईंच्या ठायी होते. आज परदेशी शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्या किती जणांना ते साधते, हे ज्याने त्याने आपल्या मनास विचारावे.

आता कठीण भागाकडे येऊ. डिसेंबर १८८७ मध्ये बॉस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाले आणि त्याने दहा वर्षे साह्य करण्याचे पत्करले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन उघडले. उच्चवर्णीय विधवांना तेथे आपले आचार पाळता यावेत व कोणावर धर्माची सक्ती नसावी, असे ठरले होते. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखी थोर माणसे सल्लागार मंडळात होती. सदन पुण्यास हलल्यावर, मुली रमाबाईंच्या प्रार्थनेस बसतात यावरून वादळ उठले. १८९३ मध्ये सल्लागारांनी अंग काढून घेतले आणि अनेक पालकांनी आपल्या मुली परत नेल्या. कोणाचे किती चुकले याचा निवाडा येथे करावयाचा नाही. त्यावर पुष्कळ शाई खर्ची पडली आहे. आपल्याला पाहावयाचे आहे ते एवढेच, की पैसा बॉस्टनचा, सल्लागार पुण्यामुंबईचे, विश्वास पालकांचा, श्रद्धा चालविणारीची आणि आयुष्य त्या मुलींचे. यांपैकी जबाबदार कोणाला राहावयाचे? दोन देशांमध्ये उभ्या असलेल्या प्रत्येक सेवासंस्थेपुढे हा प्रश्न आजही तसाच उभा आहे. वार्षिक अहवाल ज्याच्या भाषेत लिहिला जातो त्यालाच तो प्रथम कळतो, आणि ज्यांच्याविषयी लिहिला जातो त्यांना बहुधा कधीच कळत नाही. परदेशी साह्याने चाललेल्या आपल्या वसतिगृहांना व दवाखान्यांना ही गोष्ट लागू पडत नाही, असे छातीठोकपणे म्हणण्याचे धाडस मला तरी होत नाही.

आता तिकडून आलेल्या शिक्षकाविषयी. १८८४ मध्ये सॅम्युएल बार्नेट हे धर्मगुरू व त्यांच्या पत्नी हेन्रिएटा यांनी लंडनच्या पूर्व भागात टॉयन्बी हॉल उघडला. गरिबांना दुरून दान देऊ नये, त्यांच्या वस्तीत शेजारी म्हणून जाऊन राहावे, ही त्यामागची कल्पना. जेन ॲडम्स यांनी ते काम पाहिले आणि सप्टेंबर १८८९ मध्ये एलन गेट्स स्टार यांच्यासह शिकागोत हल हाऊस सुरू केले. (रमाबाईंचे शारदासदन त्याच वर्षी, त्याआधी सहा महिने उघडले होते, ही तारीख ध्यानात ठेवण्याजोगी आहे.) त्याच शिकागोत शिकलेले क्लिफर्ड मॅन्शार्ट १९२५ साली अमेरिकन मराठी मिशनतर्फे मुंबईस आले आणि त्यांनी नागपाड्यात नेबरहुड हाऊसचे काम उभारले. मुसलमान, यहुदी, हिंदू, ख्रिस्ती अशा सर्वांची ती दाट वस्ती. शेजार हा शब्द शिकागोहून आला असला तरी शेजारी येथलेच होते, हे मॅन्शार्ट यांनी लवकर ओळखले. मुंबईच्या प्रश्नांवर तेथे व्याख्याने करविली आणि १९३० मध्ये ती ‘बॉम्बे टुडे अँड टुमॉरो’ या नावाने पुस्तकरूपाने आणली. शहर समजल्याखेरीज सेवा करता येत नाही, आणि शिक्षित कार्यकर्ते नसतील तर चांगली इच्छाही वाया जाते, असे त्यांचे मत बनत गेले. सर दोराबजी टाटा विश्वस्तनिधीच्या साह्याने १९३६ मध्ये नागपाड्यातच समाजकार्याची पदव्युत्तर शाळा सुरू झाली. तीच १९४४ पासून टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस म्हणून ओळखली जाते. मॅन्शार्ट यांच्यानंतर डॉ. जे. एम. कुमारप्पा हे भारतीय ख्रिस्ती विद्वान तिचे संचालक झाले.

शाळा येथली झाली, तरी पुस्तके बराच काळ तिकडचीच राहिली. मेरी रिचमंड यांचा ‘सोशल डायग्नोसिस’ हा १९१७ चा ग्रंथ अमेरिकन शहरांतील धर्मादाय कामाच्या अनुभवातून आला. व्यक्तीची अडचण बारकाईने, पुराव्यानिशी समजून घेण्याची शिस्त त्याने घालून दिली, आणि ती मोलाची आहे. परंतु कल्पना करा : एक बाई कार्यकर्तीकडे येते, बरोबर सासू आणि दीर. बाईने एकटीने बोलावे, स्वतःचा निर्णय स्वतः घ्यावा, असे पुस्तक सांगते. ती एकटी बोलली तर घरी गेल्यावर तिचे काय होईल, हे मात्र त्यात नाही. शिवाय तिची अडचण तिच्या स्वभावात नसून नवऱ्याच्या बुडालेल्या मजुरीत, कर्जात वा जातीत असेल, तर एकटीचे निदान करून काय साधणार? जेम्स मिजली यांनी १९८१ च्या आपल्या ग्रंथात, पाश्चात्त्य समाजकार्य तिसऱ्या जगात जसेच्या तसे नेण्याला व्यावसायिक साम्राज्यवाद म्हटले. शब्द कडक आहे, पण अन्यायाचा नाही.

आता या व्यवहाराची उलटी दिशा पाहू, कारण शिकण्याचा ओघ केवळ पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो असे नाही. न्यूझीलंडमध्ये बालकल्याणाची रीत ब्रिटिश वळणाची होती. मावरी लोकांची मुले घरातून काढून अनोळखी कुटुंबांत वा संस्थांत ठेवली जात. १९८६ साली जॉन रंगिहाऊ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने, ही व्यवस्था मावरी कुळांना तोडते आहे, असे सरकारला स्पष्ट सांगितले. १९८९ च्या कायद्याने नवी पद्धत आली. मूल संकटात असेल तर त्याच्या विस्तृत कुटुंबास एकत्र बोलवावे, माहिती द्यावी, मग अधिकाऱ्याने बाहेर जावे आणि योजना कुटुंबाने आखावी. पुढे ही रीत ब्रिटन, अमेरिका व युरोपातील इतर देशांनी घेतली. म्हणजे ज्यांना ‘लाभार्थी’ म्हटले जात होते तेच गुरू झाले.

आपल्याला वाटेल, ही तर आपली भावकीची बैठक! पण थांबा. आपल्या बैठकीत सुनेला बोलू देतात काय? जातपंचायतींच्या जाचामुळे महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा करावा लागला, हे विसरून कसे चालेल? तेव्हा मावरी पद्धतही जशीच्या तशी आणता येणार नाही.

न्यूझीलंडचा विषय निघालाच आहे, तर आपणां ख्रिस्ती वाचकांना न टाळता येणारी एक गोष्ट सांगितली पाहिजे. सरकारी आणि चर्चच्या संस्थांत, मुख्यत्वे १९५० ते १९९९ या काळात, मुलांचा व असहाय माणसांचा जो छळ झाला त्याची चौकशी तेथील राजआयोगाने केली. त्याचा अंतिम अहवाल जुलै २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात प्रभूच्या नावाने चालविलेली घरेही आहेत. परदेशातील सेवाकार्य अभ्यासावयास जाणाऱ्याने तेथील चर्चची केवळ सुंदर इमारत व छापील पत्रक पाहून परतू नये. त्या घरांत वाढलेल्यांच्या साक्षी वाचाव्यात. मन अस्वस्थ होईल, होऊ द्यावे.

२०१४ मध्ये मेलबर्न येथे समाजकार्याची जी जागतिक व्याख्या मान्य झाली तिच्यात मानवी हक्कांबरोबर सामूहिक जबाबदारीला आणि स्थानिक लोकांच्या पारंपरिक ज्ञानालाही स्थान मिळाले. हा बदल उशिरा झाला, तरी झाला. पण व्याख्या बदलली म्हणून वर्गातील टिपणे बदलतातच असे नाही. विद्यार्थ्याने ती स्वतः बदलावी. प्रत्येक पद्धतीपाशी त्याने विचारावे : ही कोणाच्या दुःखातून जन्मली? तिचा खर्च कोण करतो? ती कोणाला जाब देते? जिच्यावर ती वापरली जाणार तिला नाही म्हणता येते काय? उत्तरे तपशिलासह मराठीत लिहून ठेवावीत. जे आपल्या आईला समजेल अशा भाषेत मांडता येत नाही, ते आपल्यालाही पुरते समजलेले नसते.

आणि प्रवासाच्या पिशवीत रमाबाईंचे पुस्तक असू द्यावे. अमेरिकन वाचकांना, आपल्याविषयी एका मराठी स्त्रीने १८८९ साली काय लिहिले, हे संपूर्ण इंग्रजी अनुवादातून वाचण्यासाठी २००३ सालापर्यंत थांबावे लागले. आपल्याला ते पहिल्या दिवसापासून आपल्याच भाषेत उपलब्ध आहे.