पुढचे शॉकअप गेले, हे ओळखावे कसे?

आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांपैकी अनेकांकडे आजही पंधरा-सतरा वर्षांची जुनी गाडी आहे. मारुती ८०० चे उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबले. तरी मागच्या सीटवर नमुन्यांची बंडले, चार-दोन थाने किंवा अवजारांची पेटी टाकून गावोगाव फिरणारा माणूस ती गाडी सोडायला तयार नाही. पंधरा वर्षे झाल्यावर नोंदणीचे नूतनीकरण करून घेतो आणि पुढे चालवतो. इंजिन सांभाळतो, ऑईल वेळेवर बदलतो, बॅटरी पाहतो. पुढच्या शॉकअपकडे मात्र बहुधा कोणी लक्ष देत नाही, कारण तो एका दिवसात बिघडत नाही. रोज थोडा थोडा झिजतो, आणि चालवणाऱ्याचे अंग त्या झोल्याला सरावत जाते.

आमचे तसेच झाले. आमची गाडी २००८ ची. भाचा एकदा शेजारी बसला आणि म्हणाला, "मामू, गाडी होडीसारखी डुलते." आम्ही हसण्यावारी नेले. पुढे २०२२ च्या पावसाळ्यात भिवंडीकडे जाताना कसारा घाट उतरत होतो. पुढच्या ट्रकने ब्रेक लावला, आम्हीही लावला. गाडीचे नाक खाली दबले, उखडलेल्या रस्त्यावर पुढची चाके उड्या मारू लागली आणि जिथे थांबायला हवी होती त्याच्या बऱ्याच पुढे जाऊन गाडी थांबली. ट्रक आणि आमच्यात वीतभर अंतर राहिले. अल्लाहने वाचवले. ब्रेक नंतर तपासले, ते ठीक होते. दोष शॉकअपचा होता.

हे समजण्यासाठी शॉकअपचे काम काय ते पाहावे लागेल. गाडीचे वजन शॉकअप पेलत नाही, ते स्प्रिंग पेलते. खड्डा आला की स्प्रिंग दबते आणि परत उसळते. तिला आवरणारे कोणी नसेल तर ती वर-खाली होतच राहील. शॉकअपच्या नळीत तेल असते आणि त्या तेलात बारीक झडपांचा दट्ट्या फिरतो. तेल त्या झडपांतून जोर लावूनच जाते, म्हणून उसळी मरते आणि तिची ताकद उष्णता होऊन निघून जाते. सील जुने झाले, तेल गळाले किंवा झडप झिजली की हा अडसर संपतो. मग चाक रस्त्यावर टेकून राहत नाही. आणि जे चाक हवेत आहे त्याला ब्रेक लावून काय उपयोग? वळणावरही तेच होते, स्टीअरिंग फिरवले तरी टायरची पकड अपुरी पडते.

आता तपासणी. पहिली परीक्षा सर्वांना ठाऊक आहे. गाडी सपाट जागी उभी करून पुढचा एक कोपरा दोन्ही हातांनी जोराने दाबावा आणि सोडून द्यावा. गाडी वर येऊन एका झोक्यात स्थिर झाली तर बरे, दोन-तीनदा डुलली तर शॉकअप संपला. पण या परीक्षेवर पूर्ण भरवसा ठेवू नये. अगदी मेलेला शॉकअपच तिच्यात सापडतो. अर्धा झिजलेला शॉकअप हाताच्या जोराला दाद देतो आणि साठच्या वेगाला देत नाही.

आमच्या मते टायर हा जास्त खरा साक्षीदार आहे. कापडाचा पोत आपण डोळ्यांनी कमी आणि तळहाताने जास्त ओळखतो. तसाच टायरवर गोलाईने हात फिरवावा, एकदा पुढून मागे आणि एकदा मागून पुढे. ठराविक अंतराने खळगे आणि उंचवटे हाताला लागले तर चाक उड्या मारत चालले आहे असे समजावे. एकच कड झिजली असेल तर आधी अलाइनमेंट पाहावे. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी राहिली, आणि मधला भाग गेला असेल तर हवा जास्त भरली. हे न पाहता शॉकअप बदलणे म्हणजे रंग उतरतो म्हणून माग बदलण्यासारखे आहे.

तिसरी गोष्ट तेलाची. चाक पूर्ण वळवून आत टॉर्च मारावी. शॉकअपच्या अंगावर फिकट ओलसर थर असेल तर घाबरू नये, सीलमधून थोडा ओलावा येतोच. पण तेलाचे ओघळ खालपर्यंत उतरले असतील आणि त्यांवर धुळीचा चिखल बसला असेल तर तो गेला. वरचे रबरी आवरण फाटले असेल तर आतला चकचकीत दांडा धुळीने ओरखडतो आणि नव्या सीललाही खातो.

जुनी गाडी विकत घेणाऱ्याने येथे सावध राहावे. गाडी दाखवण्यापूर्वी खालचा भाग धुऊन पुसून ठेवतात. तेव्हा आधी खराब रस्त्यावर चांगली फिरवून आणावी आणि मगच टॉर्च घेऊन वाकावे. आणि विकणारे आपण असू तर शॉकअप गळतो हे तोंडाने सांगून टाकावे. मालातला ऐब झाकून विकण्याबाबत आपल्या दीनची शिकवण काय आहे, हे या पानाच्या वाचकांना आम्ही सांगायला नको.

सर्वांत जास्त फसगत आवाजाने होते. पुढून खडखड आली की "शॉकअप गेले" असे म्हणण्याची पद्धत पडली आहे. वास्तविक झिजलेला शॉकअप पुष्कळदा काहीच आवाज करत नाही. लहान खड्ड्यांवर खडखड येत असेल तर लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट आणि टाय रॉडचे टोक आधी तपासावे. चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवले की बॉल जॉइंटचा ढिलेपणा कळतो, डावी-उजवीकडून धरून हलवले की टाय रॉडचा. उभ्या गाडीत स्टीअरिंग फिरवताना स्प्रिंगचा टणत्कार येत असेल तर शॉकअपच्या वरचे माउंटिंग किंवा त्यातले बेअरिंग पाहावे. गाडी एका बाजूला झुकून उभी राहते तो दोष स्प्रिंगचा. घाटातल्या प्रसंगाच्या आधी एका गॅरेजने आमची खडखड ऐकून उजवा शॉकअप बदलला होता, एकटाच. पैसे गेले, दीड दिवस गेला, खडखड तशीच राहिली. ती लोअर आर्मच्या बुशची होती. शिवाय एक बाजू नवी आणि एक मेलेली, म्हणून ब्रेक लावताच गाडी तिरकी होऊ लागली ती वेगळीच. दोन वेगळ्या लॉटचे सूत एका थानात घातले तर पट्टा उमटतो, हे आम्हाला कळते. शॉकअपच्या बाबतीत मात्र कळले नव्हते. पुढचे दोन्ही एकदमच बदलावेत आणि एकाच कंपनीचे घ्यावेत.

अखेर एका वयस्कर उस्तादांकडे गाडी नेली. त्यांचे काम आम्ही शेजारी उभे राहून पाहिले, ते लिहितो. गॅरेजात नव्याने हात बसवणाऱ्या आपल्या मुलांनी हा भाग लक्षपूर्वक वाचावा.

मारुती ८०० मध्ये पुढचा शॉकअप आणि स्प्रिंग मिळून एकच स्ट्रट असतो. उस्तादांनी चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच ढिले केले, मागच्या चाकांना दगड लावले, मग जॅक चढवून खाली स्टँड दिले. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली ते हातही घालत नाहीत. ब्रेकचा पाइप स्ट्रटवरून सोडवला आणि त्यावर भार येऊ दिला नाही. खालचे बोल्ट काढण्यापूर्वी त्यांच्या जागेवर खूण केली. मग बॉनेट उघडून वरच्या माउंटिंगचे बाजूचे नट काढले. मधल्या नटाला हात लावला नाही.

हा मधला नट जीव घेऊ शकतो. त्याच्याखाली स्प्रिंग दाबून बसवलेली असते. स्प्रिंग न बांधता तो सोडला तर ती गोळीसारखी सुटते. काही ठिकाणी मुले दोरीने किंवा तारेने स्प्रिंग बांधून काम उरकतात. हे कधीही करू नये. स्प्रिंग दाबण्याचे दोन हुकांचे अवजार मिळते. ते समोरासमोर लावून दोन्ही बाजू थोड्या थोड्या आळीपाळीने कसाव्यात. स्प्रिंग वरच्या बैठकीतून मोकळी झाली, हाताने हलू लागली, की मगच नट काढावा. त्या वेळी तोंड स्प्रिंगच्या रेषेत ठेवू नये. अवजार महाग नाही, आणि नसेल तर शेजारच्या गॅरेजातून मागून आणण्यात लाज कसली?

स्ट्रट उघडल्यावर उस्तादांनी माउंटिंगचे रबर, बेअरिंग, आतला रबरी गट्टू आणि धुळीचे आवरण एकेक करून दाखवले. आमचे माउंटिंग चिरले होते, तेही बदलले. ही वस्तू आता वाचवली तर सहा महिन्यांनी सारी मजुरी पुन्हा द्यावी लागते. नवा शॉकअप उभा धरून चार-पाच वेळा हळू दाबून खेचला, म्हणजे गोदामात आडवे पडून तेलात शिरलेली हवा निघून जाते. स्प्रिंगचे टोक बैठकीच्या खाचेत बसले की नाही, हे बोटाने तपासले. सारे जोडून बोल्ट कंपनीच्या मापाने कसले. लोअर आर्मचे नवे बुशही त्याच दिवशी बसवले, पण त्यांचा बोल्ट चाके जमिनीवर टेकल्यावर शेवटचा कसला. हवेत कसले तर बुश पिळून बसते आणि लवकर फाटते. त्यानंतर अलाइनमेंट. ते टाळले तर नवे टायर काही महिन्यांत जातात.

बाजारात तेल भरून, रंग मारून नव्यासारखे केलेले शॉकअप स्वस्तात मिळतात. आम्ही ते घेतले नाहीत. झिजलेली झडप नव्या तेलाने बरी होत नाही. सीलबंद खोका, छापील किंमत आणि पक्के बिल, एवढे तरी पाहावे. पाचशे किलोमीटरनंतर वरचे आणि खालचे नट एकदा पुन्हा तपासून घ्यावेत.

आमचे जुने दोन्ही शॉकअप आम्ही उस्तादांकडून मागून घेतले आणि भंगारात देण्याआधी त्यांचे दांडे वाकवून घेतले, म्हणजे रंग लावून ते पुन्हा कोणाच्या गाडीखाली जाऊ नयेत. नळी मात्र कापू नये की तापवू नये. गॅसचा शॉकअप असेल तर आत दाब असतो.