ड्रेनच्या नळीत दुधासारखं पाणी

प्रश्न : वडिलांच्या गालाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, मानेच्या डाव्या बाजूच्या गाठीही काढल्या. नाकातल्या नळीने दूध सुरू केल्यावर ड्रेनमधून पांढरं पाणी येतंय. पू झालाय का? – एक वाचक, बदलापूर

उत्तर : ताप नसेल, दुर्गंधी नसेल, तर हा बहुधा पू नाही. पचलेली चरबी आतड्यातून रक्ताकडे नेणारी लसिकावाहिनी मानेच्या डाव्या बाजूला, कॉलरबोनमागे शिरेला मिळते. तिथे गाठी काढताना तिला इजा होऊन हे दुधासारखं पाणी गळू शकतं. सर्जनना आजच कळवा. त्या पाण्यातलं ट्रायग्लिसराइड तपासलं की निदान होतं.

बहुतेकदा गळती आहार बदलूनच थांबते. दूध, तूप, तेल बंद. आहारतज्ज्ञ एमसीटी (मध्यम साखळीच्या चरबीचं) तेल असलेला, इतर स्निग्धांश नसलेला आहार देतील. घरचं खोबरेल त्याऐवजी मुळीच वापरू नका. सोबत विश्रांती, दाबपट्टी, कधी गळती कमी करणाऱ्या ऑक्ट्रिओटाइडची इंजेक्शनं. रोज ठरावीक वेळी पाणी मोजून लिहून ठेवा. दिवसाला लिटरभर येत राहिलं तर पुन्हा ऑपरेशन करून वाहिनी बांधावी लागू शकते. हे पाणी वाया जाताना प्रथिनं, क्षारही जातात, म्हणून उपाशी मात्र ठेवू नका.

हे पाणी छातीतही साचू शकतं; धाप लागली, तर वडिलांना मुंबईच्या लोकलमध्ये बसवू नका. आधी उल्हासनगरचं मध्यवर्ती रुग्णालय गाठा.