अण्णांना ऐकू यावं म्हणून

अण्णांच्या कानाला यंत्र लागलं त्याला आता चार वर्षं होतील. दर दोन-तीन महिन्यांनी त्यांना नांदेडला डॉक्टरांकडे न्यावं लागतं. हिंगोलीहून कळमनुरी, आखाडा बाळापूर, वारंगा फाटा, अर्धापूर करत नांदेड, ऐंशी-नव्वद किलोमीटर. एका फेरीला कळमनुरी सुटली नाही तोच त्यांनी कानातलं यंत्र काढून खिशात ठेवलं. "नुसता भोंगा वाजायलाय रे डोक्यात," म्हणाले आणि नांदेडपर्यंत काचेबाहेर बघत गप्प बसले. गाडी तीच, रस्ता तोच. महिन्यापूर्वी बदलले होते ते फक्त टायर. त्या दिवसापासून मी टायरचा आवाज समजून घ्यायला लागलो. हाती लागलं ते सांगतो.

१. आवाज कुठला आहे ते आधी ओळखा. वेग तोच ठेवून गिअर बदला. घोंघावणं बदललं नाही, तर ते इंजिनाचं नाही. लांबट वळणावर गाडीचा भार एका बाजूला गेला की घरघर वाढते आणि उलट्या वळणावर कमी होते, तेव्हा बहुधा बेअरिंग गेलेलं असतं. त्यात चालढकल करू नका. डांबर संपून सिमेंट लागताच आवाजाची पट्टीच बदलली, तर तो टायरचा. चाक आणि जमीन यांच्यातली थरथर किती दूर पोचते, हे आमच्या जिल्ह्याला आता वेगळं सांगायला नको. औंढा नागनाथ तालुक्यात लायगो-इंडियाची वेधशाळा होते आहे, चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांची. २०२३ मध्ये तिला केंद्राची अंतिम मंजुरी मिळाली. गुरुत्वीय लहरी टिपताना वाहनांनी हलणारी जमीनसुद्धा आड येते, म्हणून तिला वर्दळीपासून लांबची जागा लागते. आपण तर त्या थरथरीच्या अगदी वर बसलेले असतो.

२. दणकट नक्षी रोजच्या रस्त्याला लागते का, ते मोजा. माझी चूक इथेच झाली. गाडीला मूळचे १६५/८० आर १४ होते. पहिला आकडा रुंदीचा, मिलिमीटरमध्ये. दुसरा म्हणजे टायरच्या कडेची उंची रुंदीच्या किती टक्के. शेवटचा रिमचा, इंचात. शेताकडचा रस्ता मुरमाचा, म्हणून मी १८५/७० चे, जाड ठोकळ्यांच्या नक्षीचे टायर घातले. मुरमावरून मी महिन्यात जेमतेम चारदा जातो. बाकी सगळं डांबर आणि सिमेंट. प्रत्येक ठोकळा रस्त्यावर आपटतो, खाचेत कोंडलेली हवा दाबली जाते आणि सुटते. सेकंदाला शेकडो वेळा असं झालं की त्याचा सूर होतो. म्हणून चांगल्या नक्षीत ठोकळे मुद्दाम कमी-जास्त लांबीचे ठेवतात, म्हणजे एकच सूर धरत नाही. रुंदी वाढली की रस्त्याला टेकणारा पट्टाही रुंद होतो, आणि आवाजात भर पडते. टायरच्या आवाजाचे डेसिबल कुठे छापलेले दिसले, तर ते गाडीबाहेर मोजलेले असतात, हे ध्यानात ठेवा. आत काय ऐकू येईल ते तुमच्या गाडीवरही ठरतं.

३. हवा स्वतः मोजा, सकाळी, टायर गार असताना. त्या नांदेडच्या फेरीनंतर मी गेज विकत घेतला. चारही चाकांत चाळीस पॉइंट निघाले. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर याहून बरेच कमी लिहिलेलं होतं. भरणाऱ्याने विचारलं नव्हतं आणि मीही सांगितलं नव्हतं.

हलगी वाजवण्याआधी जाळावर शेकतात, ते तुम्ही पाहिलं असेल. कातडं ताणलं की ती कडक वाजते. जास्त हवेचा टायर तसाच. सिमेंटचा प्रत्येक सांधा, प्रत्येक ठिगळ थेट सीटखाली आदळतं. तापमान पाच-सहा अंशांनी वाढलं की साधारण एक पॉइंट हवा वाढते. मे महिन्यात दुपारी पळवून आणलेल्या गाडीची हवा मोजून काढून टाकली, तर दुसऱ्या दिवशी ती कमी भरते.

हवा उतरवल्यावर दणके खरंच मऊ झाले. घोंघावणं मात्र बरंचसं तसंच राहिलं, कारण ते नक्षीचं होतं. म्हणून कळकळीने सांगतो, शांततेसाठी स्टिकरच्या खाली जाऊ नका. कमी हवेत टायरच्या कडा घासतात, आवाज जड होतो, आणि कडा सतत दुमडून टायर तापतो. उन्हाळ्यात असेच टायर फुटतात. डिकीत हळदीची पोती असतील, तर स्टिकरवरचा भरलेल्या गाडीचा आकडा पाळा.

४. नायट्रोजनने आवाज कमी होतो म्हणतात. साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो. मला कानाला काही फरक कळला नाही.

५. टायरवर हात फिरवा. गाडी उभी असताना तळहात नक्षीवरून पुढे न्या, मग मागे आणा. एकीकडे गुळगुळीत आणि उलटीकडे करवतीसारखं बोचलं, तर ठोकळे तिरके झिजलेत. नवे असताना शांत असलेले टायर वीस-पंचवीस हजार किलोमीटरनंतर ओरडायला लागतात ते बहुतेक यामुळे. अलाइनमेंट तपासा आणि दर आठ-दहा हजारांना पुढच्या-मागच्या चाकांची अदलाबदल करा. तेव्हाच खाचेत रुतलेली खडीही काढा. एकदा माझ्या गाडीची टिकटिक दोन दिवस छळत होती. पेचकसाने हरभऱ्याएवढा खडा निघाला आणि थांबली.

६. घेताना जन्मतारीख वाचा. कडेवर चार आकडे असतात; २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. पडून राहिलेलं रबर कडक होतं, आणि कडक रबर जास्त वाजतं.

७. शेवटी मी मूळ मापाचे, साध्या बारीक नक्षीचे टायर घातले, हवा स्टिकरप्रमाणे ठेवली. आवाज अजून आहे; सिमेंटवर तो राहणारच. पण पुढच्या फेरीला अण्णांनी यंत्र कानातच राहू दिलं. वारंगा फाट्यावर चहा झाला. अर्धापूरजवळ केळीच्या बागा लागल्या, तेव्हा ते आपण होऊन बहात्तरच्या दुष्काळातल्या खडीच्या कामाचं बोलायला लागले, आजी डोक्यावर पाटी घेऊन कुठल्या रस्त्यावर जायची ते. मी कधीच ऐकलं नव्हतं. मागे बसलेल्या माझ्या मुलीने मध्येच विचारलं, "मजुरी किती मिळायची, आबा?" आणि त्यांना ते पहिल्यांदा विचारताच ऐकू आलं.