जुन्या जीपगाडीचा पुढील आस व पाटे

२ ऑक्टोबर १९५२ रोजी समूह विकास योजनेस प्रारंभ झाला आणि चारही चाकांना जोर असलेली जीपगाडी खेडोपाडी परिचित झाली. त्या बांधणीच्या काही गाड्या आजही शेतकऱ्यांच्या घरी आहेत. खताची पोती, दुधाचे कॅन, प्रसंगी आजारी माणूसही त्यांतूनच जातो. अशा गाडीची पुढील चाके खड्डा लागताच थरथरू लागली, की पुष्कळ मालक नवे पाटे आणून बसवितात. खर्च होतो, थरथर तशीच राहते. कारण दोष बहुधा पाट्यांत नसून किंगपिनच्या बेअरिंगांत असतो.

म्हणून सुटे भाग आणण्यापूर्वी दोष शोधावा. गाडी टणक, सपाट जागी उभी करून मागील चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावावेत. पुढील आस जॅकने उचलून त्याखाली भक्कम ठोकळे द्यावेत. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरणे म्हणजे जिवाशी खेळ होय. मऊ जमिनीत तो कलंडण्यास क्षणही लागत नाही. मग चाक वर व खाली धरून हलवावे आणि सोबत्याने ब्रेक दाबावा. ब्रेक दाबताच ढिलाई नाहीशी झाली तर दोष चाकाच्या बेअरिंगात, राहिली तर किंगपिनमध्ये समजावा.

किंगपिनला वर एक व खाली एक अशी निमुळत्या रोलरांची दोन बेअरिंगे असतात. बेअरिंग बदलताना त्याची बाहेरची वाटीही बदलावी. जुन्या वाटीत नवे बेअरिंग फार काळ टिकत नाही. घट्टपणा टोपणाखालील पातळ पत्र्यांनी, म्हणजे शिमांनी, ठरतो. शिम वर व खाली सारखेच ठेवावेत, नाहीतर आतील दांडा मध्यातून सरकतो. घट्टपणा अंदाजाने ठरवू नये. तेलाचे सील व जोडदांडा काढून सुकाणूच्या भुजेस ताणकाटा लावावा आणि गाडीच्या माहितीपुस्तकातील आकड्याशी ताण जुळवावा. ढिले राहिल्यास थरथर परत येते. अति घट्ट झाल्यास वळणानंतर चाके आपोआप सरळ होत नाहीत. फाटलेले सील तसेच ठेवू नये. भातखाचरातील चिखल त्यातूनच आत शिरतो.

पाटा खरोखर मोडला असेल तर दोन्ही बाजूंचे पाटे एकदम बदलावेत. पाटा व आस यांमध्ये पाचर असल्यास तिची जाड बाजू खडूने खुणावून ठेवावी; ती उलटी बसली तर चाकांचा कल बिघडतो. आटेदार शॅकलांपैकी काहींचे आटे उलटे असतात, हे न पाहता जोर लावल्यास आटे तुटतात. मधल्या बोल्टचे डोके आसावरील छिद्रात नीट बसल्याखेरीज यू-बोल्ट आवळू नयेत. ते नवेच घ्यावेत, आलटून पालटून आवळावेत आणि गाडी थोडी चालवून झाल्यावर पुन्हा एकदा आवळून पाहावेत.