वादळ शमल्यावर

(वादळ आले की बातम्या येतात आणि मदतही येते. बातम्या थांबल्यावर काय होते, ते या पाठात सांगितले आहे.)

मोझांबिक हा आफ्रिका खंडाच्या पूर्व किनाऱ्यावरील देश आहे. बैरा हे तेथील मोठे बंदर. १४ मार्च २०१९ च्या रात्री 'इदाई' नावाचे चक्रीवादळ या शहरावर आदळले. छपरे उडाली, विजेचे खांब कोसळले, टेलिफोन बंद पडले. पाठोपाठ बुझी आणि पुंगवे या नद्यांना महापूर आला. जीव वाचवण्यासाठी लोक झाडांवर चढून बसले. एकट्या मोझांबिकमध्ये सहाशेहून अधिक माणसे मरण पावली.

मदत लवकर पोचली. आपल्या भारतीय नौदलाची जहाजेही बैरा बंदरात आली. नौसैनिकांनी अन्न, पाणी व औषधे दिली आणि पुरात अडकलेल्यांना बाहेर काढले. घाण पाण्यामुळे कॉलरा पसरू लागला, तेव्हा आठ लाखांहून अधिक लोकांना लस देण्यात आली. साथ आटोक्यात आली.

पण जीव वाचवणे ही मदतीची पहिली पायरी आहे. त्यानंतर घरे, शाळा, दवाखाने आणि रस्ते बांधावे लागतात. कापणीला आलेले पीक वाहून गेले, तर शेतकऱ्याने पुढच्या पेरणीला बियाणे कोठून आणावे?

तज्ज्ञांनी सगळ्या नुकसानीचा हिशेब केला. इदाई आणि त्यानंतर सहा आठवड्यांनी आलेले 'केनेथ' वादळ, या दोन्हींतून सावरण्यासाठी ३२० कोटी डॉलर हवे होते. मे २०१९ च्या अखेरीस बैरा येथे परिषद भरली. अनेक देशांनी व संस्थांनी मिळून १२० कोटी डॉलर देण्याचे वचन दिले. म्हणजे २०० कोटींची तूट राहिली. शिवाय, दिलेले वचन म्हणजे हाती आलेली रक्कम नव्हे.

वहीत ही वजाबाकी सोपी वाटते. छावणीत तिचा अर्थ वेगळा असतो. काही दिवसांसाठी दिलेला तंबूच तेथे घर होऊन बसतो. २३ जानेवारी २०२१ रोजी 'एलोइस' वादळ बैराजवळ धडकले. तेव्हाही इदाईने बेघर केलेली अनेक कुटुंबे तंबूंत राहत होती. त्यांचा निवारा पुन्हा मोडला.

मुलांनो, संकटाच्या पहिल्या दिवशी सारे जग धावून येते. ती माणुसकीच आहे. परंतु वर्षभरानंतरही त्या माणसांची आठवण ठेवणे आणि दिलेला शब्द पाळणे, हे तितकेच मोलाचे आहे.

शब्दार्थ : शमणे – शांत होणे. तूट – कमी पडलेली रक्कम. निवारा – राहण्याची जागा. आटोक्यात येणे – ताब्यात येणे.

स्वाध्याय
१. बैरा येथे भारतीय नौसैनिकांनी कोणती मदत केली?
२. 'वचन म्हणजे हाती आलेली रक्कम नव्हे', असे लेखकाने का म्हटले आहे?
३. वाक्यात उपयोग करा : धावून येणे, शब्द पाळणे.