पाण्यातला पारा माशात कसा येतो?

(इयत्ता ४ थी – परिसर अभ्यास)

मित्रांनो, ताप मोजायच्या जुन्या काचेच्या थर्मामीटरमध्ये चांदीसारखी रेघ असते ना, तो पारा. पारा हा धातू आहे, पण तो पाण्यासारखा पातळ असतो. पारा, शिसे व कॅडमिअम यांना जड धातू म्हणतात. ते अन्नातून पोटात गेले तर शरीराला अपाय होतो.

आता जपानची खरी हकिकत सांगते. तिथे समुद्रकाठी मिनामाता नावाचे गाव आहे. तेथील एका मोठ्या कारखान्याचे पारा मिसळलेले सांडपाणी १९३२ ते १९६८ पर्यंत समुद्रात सोडत होते. काठावर कोळी लोक राहायचे. त्यांच्या रोजच्या जेवणात मासे. आधी गावातली मांजरे गरगर फिरू लागली व झटके येऊन मेली. कारण तीही मासेच खात होती. मग १९५६ साली एका पाच वर्षांच्या मुलीला दवाखान्यात आणले. तिला नीट चालता येईना, बोलता येईना. पाठोपाठ तिची धाकटी बहीण व इतर माणसेही आजारी पडली. काही आयांना स्वतःला विशेष त्रास नव्हता, पण त्यांची बाळे जन्मतःच अपंग झाली.

१९६५ साली जपानमध्येच आगानो नदीकाठी असाच आजार आला. कारखाना सुमारे ६० किलोमीटर वरच्या अंगाला, आणि आजारी पडले खालच्या अंगाचे नदीतले मासे खाणारे लोक! हा रोग कारखान्यांच्या पाऱ्यामुळे झाला असे सरकारने १९६८ साली जाहीर केले. म्हणजे पहिली रोगी सापडल्यावर १२ वर्षे गेली.

पारा माशात जातो कसा? पाण्यातल्या बारीक शेवाळात तो शिरतो. शेवाळ बारके जीव खातात, त्यांना लहान मासे खातात, लहान माशांना मोठे मासे गिळतात. पारा अंगातून लवकर बाहेर पडत नाही, साठत राहतो. समजा, एका लहान माशात एक कण विष आहे. मोठ्या माशाने असे शंभर मासे खाल्ले तर त्याच्या अंगात किती कण जमतील? म्हणून दुसरे मासे खाणाऱ्या मोठ्या माशात पारा जास्त असतो.

आमच्या घरी म्हणतात, मासा चांगला धुतला आणि खरपूस तळला की झाले. घाण आणि जंतू त्याने जातात, हे खरे. पण पारा माशाच्या मांसातच असतो. तो धुऊन जात नाही, शिजवून जात नाही. त्याला वास नाही की चव नाही.

मग मासे खायचे नाहीत का? तसे नाही. माशाने अंगात ताकद येते. आपल्या नदीत पारा आहे असेही मी म्हणत नाही. ते प्रयोगशाळेत तपासूनच कळते. पण एवढे आपण करू या –

१) फुटलेला थर्मामीटर, ट्यूबलाईट, जुने सेल नदीत किंवा ओढ्यात टाकू नयेत.
२) जुनी बॅटरी फोडून तिचे पाणी ओतू नये. तिच्यात शिसे असते.
३) गळाची शिशाची गोळी दाताने चावू नये.
४) मरून तरंगणारे मासे घरी आणू नयेत. ग्रामपंचायतीला कळवावे.
५) घरात बाळ होणार असेल तर आईला व लहान मुलांना फार मोठे मासे वरचेवर देऊ नयेत. छोटे मासे द्यावेत.

पाऱ्याचा वापर कमी करण्यासाठी २०१३ साली अनेक देशांनी करार केला. त्याला मिनामाता हेच नाव दिले. भारतही २०१८ साली त्यात सामील झाला.

नदी वरच्या गावाची असते तशी खालच्या गावाचीही असते. आपण टाकलेले खालच्यांच्या ताटात जाते, हे ध्यानात ठेवावे.

सांगा पाहू :
१) मांजरे आधी का आजारी पडली?
२) मासा तळल्यावर पारा का जात नाही?