टाकी रिकामी आहे हे दिसलं पाहिजे

१. एअर रायफलच्या नळीखालची टाकी दीड-दोन वितींची, पण आत हवा 200 बार दाबाची. मोटारीच्या टायरमध्ये जेमतेम सव्वादोन-अडीच असते. कोल्हापूरची आमची मुलं स्पर्धेसाठी गाडीनं बालेवाडीला जातात तेव्हा एवढंच बघायचं की उन्हात उभ्या गाडीत टाकी राहता कामा नये. दिल्लीच्या कर्णी सिंग रेंजसाठी विमान धरलं, की सगळंच बदलतं.

२. 'उंचावर टाकी फुटते' असं पालक हमखास म्हणतात. तसं होत नाही. केबिनमधला दाब जमिनीपेक्षा फार तर पाव बारनं उतरतो, 200 पुढे त्याचं काय! खरी भीती आगीची. सामानाच्या कप्प्यात आग लागलीच, तर भरलेल्या टाकीतला दाब तापून चढत जातो. शिवाय एक्स-रेत हवा दिसत नाही. त्यामुळे 'रिकामी आहे हो' हे तोंडी सांगून भागत नाही, आणि तपासणाऱ्यावर रागावण्यातही अर्थ नाही. त्याच्या जागी मीही अडवलं असतं.

३. म्हणून टाकी आदल्या संध्याकाळीच रायफलवरून उतरवून रिकामी करायची. मुलांना घाई असते, पण हवा सावकाश सोडावी. एकदम सोडली की धातू गारठतो, दव धरतं. टाकीसोबत हवा सोडायचा स्क्रू मिळतो, तो व्हॉल्व्ह दाबून उघडा धरतो. सगळी हवा गेल्यावरही तो तसाच लावून ठेवायचा. मापकाचा काटा शून्यावर आणि व्हॉल्व्ह उघडा, एवढं समोर धरलं की बोलणं संपतं. व्हॉल्व्ह घरी पान्यानं खोलायचा मात्र मुळीच नाही.

४. विमान कंपनीची परवानगी तिकीट काढतानाच लेखी घ्यावी, छापून केसमध्ये वरच ठेवावी. फोनवरचा होकार काउंटरवर कुणी मानत नाही.

५. टाकीवरची तारीख वाचा. मुदत सहसा 10 वर्षांची असते. ती उलटलेली टाकी स्पर्धेत चालत नाही, आणि मुदत सांभाळणं ही खेळाडूचीच जबाबदारी.

६. पोचल्यावर भरायची सोय रेंजवर असते. ॲडाप्टर आणि जादा ओ-रिंग आपली हवी. हळूहळू भरा. भरताना टाकी तापते, निवल्यावर काटा थोडा खाली येतो, तेव्हा पुन्हा थोडी भरावी लागते. जोडाला तेल लावू नका; दाबाखालच्या हवेत ते पेटू शकतं. हे सगळं सराव सत्राच्या आधी उरकलं, की मुलांना फक्त 10 मीटरवरचं लक्ष्य बघायचं राहतं.